९चा चालला, १०चा नाही: सायकलचे गिअर मिक्स करायच्या आधी

सिंहगडाच्या रस्त्याला गोळेवाडी मागे पडली आणि खरा चढ चालू झाला की सगळ्यांना एकच वाटतं, मागे अजून एक मोठी चकती असती तर काय बिघडलं असतं. मलाही वाटलं. माझी सायकल म्हणजे वाकड्या हँडलची साधी रोडबाईक, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११-२८ ची १० स्पीड कॅसेट, म्हणजे ११ पासून २८ दात्यांपर्यंतच्या दहा चकत्यांचा संच, आणि गुडघे काही पंचविशीतले राहिलेले नाहीत. तर ठरवलं की एमटीबीची, म्हणजे माउंटन बाईकची, ११-३६ कॅसेट टाकायची. आता रोडचा जुना डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा हात, ३६ दात्यांच्या चकतीखाली मावत नाही, त्याची वरची पुली, चेन जिच्यावरून जाते ते छोटं चाक, चकतीला घासायला लागते, म्हणजे डिरेलरही एमटीबीचाच हवा. शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, १० स्पीड, कॅसेट १० स्पीड, चेन १० स्पीड, मग डिरेलर पण १० स्पीडच घेतला, सेकंडहँड पण झकास कंडिशनमधला. शिमानो ही माझ्या गिअरची कंपनी, म्हणून घेताना विचारलं होतं, "शिमानोच्या १० स्पीडला बसेल ना?" "बसेल की दादा, न बसायला काय झालं."

बसला हो. एका बोल्टवर बसला, केबल लागली, पार्किंगमध्ये स्टँडवर सायकल चढवून पेडल फिरवत पहिला खटका मारला तर चेन नुसती थरथरली, चढली नाही. दुसऱ्या खटक्याला चढली. मग कधी खटका वाया, कधी चढली, असं करत करत शिफ्टरचे सगळे नऊ खटके संपले तेव्हा चेन सातव्या आणि आठव्या चकतीच्या मधे कुरकुरत बसलेली, आणि ज्या ३६ साठी एवढा अट्टहास केला ती दोन चकत्या लांबून माझ्याकडे बघतेय. बॅरल फिरवली, लिमिट स्क्रू फिरवले, केबल सोडून परत ताणली, रात्री साडेअकरापर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या डब्यातला ९ स्पीडच्या जमान्यातला जुना एमटीबी डिरेलर लावला आणि अर्ध्या तासात दहाच्या दहा गिअर पडायला लागले.

म्हणजे १०वाला १०वर चालला नाही आणि ९वाला १०वर चालला. हे का झालं एवढं जरी कळलं तरी मिक्सिंगचं निम्मं काम झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

पहिली गोष्ट, डिरेलरला गिअर मोजता येत नाहीत. त्याच्यात एकही खटका नसतो. तो बिचारा स्प्रिंग लावलेला हात आहे, केबल ओढली की आत सरकतो, सोडली की बाहेर येतो, बास. मोजायचं काम शिफ्टरचं. एक खटका म्हणजे ठराविक मिलिमीटर केबल ओढली जाणार. आणि चकत्या एकमेकींपासून किती लांब आहेत ते कॅसेट ठरवते. डिरेलर मधला दुभाषी, एक मिलिमीटर केबल आली तर मी इतके मिलिमीटर सरकणार, एवढंच त्याला माहीत. हापशासारखं समजा, दांडा तुम्ही इतका हलवला तर आत दट्ट्या तितका हलणार, ते प्रमाण हापसा बनवतानाच ठरलेलं असतं.

मग हिशोब सरळ आहे. खटक्याला किती केबल, गुणिले डिरेलरचं प्रमाण, बरोबर चेन किती सरकली. आणि हे उत्तर कॅसेटच्या दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराएवढं आलं पाहिजे. शिमानोच्या जुन्या रोड १० स्पीडचा शिफ्टर खटक्याला साधारण २.३ मिमी केबल ओढतो, त्याच्या डिरेलरचं प्रमाण १.७, गुणाकार ३.९१, आणि १० स्पीड कॅसेटमधलं अंतर ३.९५. जमलं. एमटीबीच्या १० स्पीडला मात्र शिमानोने प्रमाण बदलून १.२ केलं आणि शिफ्टरला जास्त केबल ओढायला लावली, साधारण ३.४ मिमी. ३.४ गुणिले १.२ म्हणजे ४.०८, ते पण त्यांचं त्यांच्यात जमतं. मी काय केलं, रोडचा शिफ्टर आणि एमटीबीचा डिरेलर, म्हणजे २.३ गुणिले १.२, आले २.७६. हवे होते ३.९५. दर खटक्याला सव्वा मिलिमीटरच्या आसपास तूट. नऊ खटक्यांत चेन सरकली जेमतेम २५ मिमी आणि सरकायला हवी होती साडेपस्तीस. सातवी-आठवीच्या मधे का अडकली ते आता दिसतंय ना. आणि जुन्या ९ स्पीडच्या एमटीबी डिरेलरचं प्रमाण? १.७. रोडच्या डिरेलरचं होतं तेच. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की तू ९चा आहेस.

हे प्रमाण बदललं कशाला असं कोणी विचारेल. कारण जेवढी जास्त केबल ओढायची तेवढी केबलमधली घाण, गंज, आउटरचा, म्हणजे केबलवरच्या नळीचा, ढिलेपणा यांची किंमत कमी होते. चिखलात चालणाऱ्या सायकलला ते हवंच होतं. तेव्हा निर्णय चुकीचा नव्हता, फक्त नाव तेच ठेवलं, १० स्पीड, आणि आपल्यासारखे लोक फसले.

आता खटक्यांची ही भानगड काही पहिल्यापासून नव्हती. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या वरच्या रोड सेटमध्ये एसआयएस नावाची खटक्यांची पद्धत आणली, तेव्हापासून खटक्यावर गिअर पडणं रूढ झालं, तेही मागे सहा चकत्यांवर. त्याच्या आधी बहुतेक सायकलींना नुसता दांडा, कानाने ऐकत ऐकत चेन चकतीवर नेऊन बसवायची. त्या काळात मिक्सिंगचा प्रश्नच नव्हता, कोणताही दांडा कोणत्याही डिरेलरला चालायचा. आजही बहुतेक चालतो. बिनखटक्याचा थंब शिफ्टर लावला तर हा सगळा गुणाकार विसरा, अंतर तुमचा अंगठा ठरवतो. ऑफिसला जायच्या सायकलला मी तरी हाच सल्ला देईन, पण लोकांना खटकाच हवा असतो, असो.

सहापासून बारापर्यंत चकत्या वाढल्या पण मागच्या चाकात जागा काही तेवढी वाढली नाही. डबा तेवढाच आणि पोळ्या आठच्या दहा मावायला हव्यात तर पोळी पातळ लाटावी लागते, तसं चकत्याही पातळ झाल्या आणि जवळ आल्या. शिमानोचे आकडे अंदाजे असे: ७ स्पीडला ५ मिमी, ८ला ४.८, ९ला ४.३५, १०ला ३.९५, आणि रोडच्या ११ला ३.७ च्या आसपास. गंमत म्हणजे ८, ९ आणि १० स्पीडची कॅसेट एकाच हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, चढते, कारण पहिल्या ते शेवटच्या चकतीचं एकूण अंतर ३३.६, ३४.८, ३५.५ असं फार बदलत नाही.

या आकड्यांवरून कुठे भागेल आणि कुठे नाही ते घरबसल्या कळतं. ८चा शिफ्टर आणि ७ची कॅसेट घ्या. दर पायरीला ०.२ मिमीचा फरक, सहा पायऱ्यांत १.२. आता मधल्या चकतीवर बरोबर सेट केलं तर दोन्ही टोकांना ०.६, ०.६ अशी वाटणी होते. शिमानोच्या वरच्या पुलीला मुद्दाम थोडं आडवं हलायला मोकळीक दिलेली असते, ती एवढी चूक पोटात घालते. म्हणून हे जोडकाम बहुतेक ठिकाणी खपून जातं. पण ९चा शिफ्टर आणि ८ची कॅसेट केली तर दर पायरीला ०.४५, सात पायऱ्यांत ३ मिमीच्या वर, म्हणजे जवळजवळ पाऊण चकती. ते पोटात घालायला पुली म्हणजे काही आई नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना अंधारात चढलाय का कधी? पायाला सवय झालेली असते आणि पायरी प्रत्येक वेळी बोटभर जास्त निघते, पहिल्या दोन पायऱ्या कळत नाही, पाचवीला ठेच. तसंच.

आता सगळ्यात जास्त घोळ १० स्पीडमध्ये का होतो ते बघा. शिमानोचे एकट्याचे १० स्पीड निदान चार जातींचे आहेत. जुनं रोड, म्हणजे ५७०० ची १०५ किंवा ४६०० ची टियाग्रा (ही सेटची नावं आणि त्यांचे मॉडेल नंबर), प्रमाण १.७. एमटीबीचं डायना-सिस, प्रमाण १.२. मग टियाग्रा ४७००, ही दिसते १० स्पीड पण आतून रोडच्या ११ स्पीडच्या घरातली, प्रमाण १.४, हिचा डिरेलर ४६०० च्या शिफ्टरला लावलात तर परत तीच कुरकुर. आणि आता क्यूज, शिमानोचीच नवी मालिका. क्यूजची कल्पना मला मनापासून आवडते, ९, १० आणि ११ तिन्हींना चकत्यांमधलं अंतर एकच, चेन एकच ११ स्पीडची, केबलचं माप एकच, म्हणजे आपापसात काहीही बदला. फक्त ते क्यूजच्या आतल्या आत, तुमच्या घरातल्या जुन्या १० च्या कॅसेटशी त्याचं सोयरसुतक नाही.

स्रॅम या दुसऱ्या कंपनीवाल्यांचं उलट आहे. त्यांच्या १० स्पीडमध्ये रोड आणि एमटीबीचं केबलचं माप एकच ठेवलं होतं, त्यामुळे रोडचा शिफ्टर आणि एमटीबीचा डिरेलर हे जे मी करायला गेलो ते त्यांच्याकडे सरळ चालतं. पण स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर, हे साधारणपणे नाही. कॅसेट आणि चेन मात्र १० स्पीडपर्यंत एकमेकांच्या बिनधास्त वापरा, कॅसेटला कंपनीचं नाव कळत नाही, अंतर कळतं. मायक्रोशिफ्ट या तिसऱ्या कंपनीचे काही शिफ्टर शिमानोच्या मापाचे असतात, पण त्यांचा अ‍ॅडव्हेंट ग्रुप स्वतःच्या वेगळ्याच मापाचा, तो घेतलात तर शिफ्टर-डिरेलर जोडीनेच घ्या.

आणि सेकंडहँड पार्टवरचा मॉडेल नंबर पुसून गेला असेल तर? मोजायचं. हे मला माझ्या शेजारच्या काकांनी शिकवलं. काकांची अख्खी नोकरी भोसरी एमआयडीसीत लेथवर गेलेली, मी त्यांच्याकडे व्हर्निअर मागायला गेलो तर व्हर्निअर एकटा आलाच नाही, मागोमाग काका पण चपला घालून खाली पार्किंगमध्ये. मी डिरेलरची केबल सोडली, टोकाला पक्कड लावून ताणून धरली, केबल आउटरमधून बाहेर येते तिथे पेनाने खूण केली, एक खटका मारला आणि मोजायला लागलो. काका म्हणाले, "अरे थांब, एक काय मोजतोस. सहा खटके मार, मोज, आणि सहाने भाग. हात हलला तरी चूक सहात वाटली जाईल." सहा मारले. १३.८ च्या आसपास आले, भागिले सहा, २.३. रोडचा शिफ्टर. एमटीबी १०चा असता तर वीसच्या वर गेला असता, एवढा फरक साध्या पट्टीने पण दिसतो. फक्त मधले खटके घ्या, टोकाचा खटका कधी कधी वेगळं माप देतो.

कॅसेटचंही तसंच. सगळ्यात लहान चकतीच्या बाहेरच्या बाजूपासून सगळ्यात मोठीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत खोली मोजायची, चकत्या वजा एक याने भागायचं. दहा चकत्या असतील तर नऊने. काकांनी इथे मला पकडलं होतं, मी दहाने भागत होतो.

प्रमाण काढायचं असेल तर डिरेलर सायकलवर असताना केबल मोजून १० मिमी ओढा आणि पुली किती सरकली ते बघा. १७ सरकली तर १.७. एवढं अचूक काही येत नाही, पण १२ आणि १७ मधला फरक कळायला अचूकता लागतेच कशाला.

चेनचा नियम एका ओळीचा आहे, चेन कॅसेट बघून घ्यायची, क्रँक, म्हणजे पेडलकडच्या पुढच्या चकत्या, बघून नाही. सगळ्या चेनची लांबीकडची कडी सारखीच असते, पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिमी, फरक असतो तो बाहेरच्या रुंदीत. ८ स्पीडची चेन बाहेरून साधारण ७.१ मिमी, १०ची ५.९. आता ८ची चेन १०च्या कॅसेटवर टाकली तर काय होतं? चेन मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन मिमी पसरलेली. शेजारच्या चकतीचा मध्य ३.९५ वर, तिची अर्धी जाडी ०.८ वजा करा, म्हणजे तिची भिंत सुरू होते ३.१५ वर. चेन घासणारच. १०ची चेन असेल तर ती २.९५ पर्यंतच जाते, सुटली. उलट पातळ चेन जुन्या क्रँकवर बहुतेक वेळा निमूट चालते, पुढच्या दोन रिंगच्या फटीत कधी पडू शकते एवढंच. आणि क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, चेनच्या स्पीडचीच घ्या, तिथे काटकसर नको, घाट उतरताना नाही पण चढताना उभं राहून जोर लावला की तीच सुटते.

आता जे सगळ्यांनी आधी बघायला हवं ते मी शेवटाकडे सांगतोय, पण माझ्या सायकलला तो प्रश्न नव्हता ना. तुमच्याकडे ७ स्पीडची साधी सायकल असेल आणि तिला ९ करायचंय, तर आधी मागचं चाक काढून बघा, कॅसेट आहे की फ्रीव्हील. फ्रीव्हील म्हणजे चकत्यांचा अख्खा गठ्ठा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला, टकटक वाजणारी यंत्रणा त्या गठ्ठ्यातच. कॅसेट म्हणजे टकटक हबमध्ये, आणि चकत्या खाचांवरून नुसत्या सरकवून वरून नट. स्वस्तातल्या ७ स्पीड सायकलींना बहुतेक फ्रीव्हील असतं, आणि त्या हबवर कॅसेट कुठल्याही उपायाने बसत नाही. म्हणजे हब बदला नाहीतर चाकच बदला, त्यात शिफ्टर, डिरेलर, चेन मिळवा, आणि मग तो आकडा बघून सायकल विकून दुसरी घ्यावी असं वाटतं, ते बरोबरच वाटतं.

कॅसेटचा हब असेल तर वॉशरचा, म्हणजे स्पेसरचा, विचार करायचा. ७ची कॅसेट ८-९-१० च्या हबवर चढवायची तर मागे ४.५ मिमीचा स्पेसर. रोडच्या ११चा हब १.८५ मिमीने लांब असतो, त्यावर जुनी ८-९ ची कॅसेट टाकायची तर तेवढाच स्पेसर मागे, नाहीतर नट पूर्ण आवळूनही चकत्या खुळखुळतात. रोडची ११ची कॅसेट १०च्या हबवर मात्र सहसा बसत नाही. सहसा म्हणालो कारण शिमानोने ११-३४ ची एक ११ स्पीड कॅसेट अशी बनवली की मोठी चकती आतल्या बाजूला आरे असतात तिकडे सरकवली, ती जुन्या हबवर बसते. घाट चढणाऱ्या लोकांनी ती लक्षात ठेवा. बाराच्या दुनियेत शिरलात की मायक्रो स्प्लाइन आणि एक्सडी असे वेगळे हबही येतात, तिथे मी जात नाही, माझं बजेट पण जात नाही.

मोठी कॅसेट टाकताना अजून एक बेरीज करा. पुढची मोठी वजा लहान, अधिक मागची मोठी वजा लहान. माझं ५० वजा ३४ म्हणजे १६, ३६ वजा ११ म्हणजे २५, एकूण ४१. एवढी ढिली चेन डिरेलरच्या केजला, म्हणजे दोन्ही पुल्या धरणाऱ्या खालच्या पट्टीला, गिळता आली पाहिजे, त्याला कपॅसिटी म्हणतात आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात ती दिलेली असते. लांब केजचे एमटीबी डिरेलर सहज गिळतात. आणि ११-२८ साठी तोडलेली जुनी चेन ११-३६ वर वापरू नका. पुढे मोठी, मागे मोठी अशी चेन डिरेलरमधून न घालता नुसती गुंडाळून बघायची आणि वर एक आतली एक बाहेरची कडी जास्त ठेवायची. कमी पडली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला तर डिरेलर हँगरसकट, म्हणजे फ्रेमच्या ज्या कानाला तो टांगलेला असतो त्याच्यासकट, उपटून आऱ्यांत जातो. हे मी केलेलं नाही, पण बोपदेव घाटात एकाचं झालेलं डोळ्यांनी बघितलंय, तो माणूस सायकल खांद्यावर घेऊन सासवडच्या बाजूला उतरत होता.

पुढच्या डिरेलरबद्दल थोडक्यात, रोडचा शिफ्टर आणि एमटीबीचा पुढचा डिरेलर यांचं केबलचं माप जुळत नाही, त्यामुळे पुढे क्रँक, डिरेलर, शिफ्टर तिन्ही एका घरातले ठेवा. माझं पुढचं सगळं मी होतं तसंच ठेवलं, फक्त मागे हात घातला.

आणि हे सगळं जुळूनही गिअर नीट पडत नसतील तर गुणाकाराला दोष द्यायच्या आधी मागे जाऊन हँगर वाकलाय का बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी अ‍ॅक्टिव्हा टेकलेली असते.

तर सध्या माझ्याकडे रोडचे शिफ्टर, एमटीबीची कॅसेट आणि ९च्या काळातला डिरेलर अशी खिचडी आहे, बी-स्क्रू, म्हणजे पुली चकतीपासून लांब ठेवणारा स्क्रू, थोडा आत घ्यावा लागला, ३६ वर पुली अगदी कागद जाईल एवढ्या फटीने सुटते, आणि सिंहगड अजूनही अवघडच आहे पण आता बसून होतो. तो झकास कंडिशनमधला १० स्पीड डिरेलर ड्रॉवरमध्ये पडलाय. काकांनी त्याच्यावर चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरात १.२ लिहून ठेवलंय. कोणाकडे एमटीबीचा १० स्पीड शिफ्टर असेल तर सांगा, देऊन टाकतो.